गावाच्या दारातले कॉलेज

वाचकहो, आपल्याकडे खेड्यातल्या मुलीचे शिक्षण कोठे थांबायचे, हे पुष्कळदा एस. टी.च्या वेळापत्रकावर ठरते. गावातली शाळा संपली की पुढचे कॉलेज तालुक्याला. सकाळची गाडी मिळाली तर संध्याकाळची चुकते. दोन-चार वेळा अंधार पडल्यावर घरी पोचली की वडील म्हणतात, “पुरे झाले आता.” मुलगी हुशार असते, गुणही बरे असतात. आड येते ते अंतर.

हे दुखणे एकट्या आपल्याच वाट्याला आले आहे असे समजू नका. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही ते होते. त्यावर तेथल्या लोकांनी जो उपाय काढला, त्याची हकिगत आज सांगायची आहे. त्या उपायाचे नाव ‘कम्युनिटी कॉलेज’. आपण त्याला सरळ ‘गावचे कॉलेज’ म्हणू.

शिकागो शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० मैलांवर जोलिएट नावाचे गाव आहे. दगडाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने, असे ते कष्टकऱ्यांचे गाव. तेथल्या हायस्कूलचे प्रमुख होते जे. स्टॅन्ली ब्राऊन. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याशी मिळून त्यांनी एक बेत केला. विद्यापीठाची पदवी चार वर्षांची. त्यातली पहिली दोन वर्षे गावातच, हायस्कूलच्या इमारतीत शिकवली तर काय बिघडले? मुले घरी जेवतील, घरी निजतील; दोन वर्षांनी ज्याला पुढे जायचे तो जाईल. १९०१ साली हा वर्ग सुरू झाला. विद्यार्थी किती, तर ६! पण ते ६ जणांचे कॉलेज आजही चालू आहे, आणि त्या देशातले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज म्हणून त्याचा मान आहे.

पुढे १९०७ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला की, हायस्कुलांना असे वरचे वर्ग चालवता येतील. त्याचा फायदा प्रथम घेतला फ्रेझ्नो या गावाने, १९१० साली. फ्रेझ्नो म्हणजे द्राक्षांचा मुलूख. आपल्या तासगावचा बेदाणा जसा नावाजलेला, तसा तिकडे फ्रेझ्नोचा. बर्कलीचे विद्यापीठ तेथून दीडशे मैलांहून अधिक लांब. शेतकऱ्याच्या पोराने मळा सोडून तिकडे जायचे कसे? तेव्हा कॉलेजच मळ्याजवळ आले.

तरीपण चाळीसएक वर्षे ही कॉलेजे थोरल्या विद्यापीठांची धाकटी भावंडेच राहिली. त्यांना म्हणतही ‘ज्युनियर कॉलेज’. चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. घरी परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, असा कायदा १९४४ साली झाला, आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत दाखल झाले. त्यांत बायकामुले असलेले गडी होते, शेतावरून आणि गिरणीतून युद्धावर गेलेले होते. “असली माणसे काय शिकणार?” असे नाक मुरडणारे विद्वान होतेच. पण ती माणसे शिकली, आणि चांगली शिकली.

हा अनुभव ताजा असतानाच राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली आपला अहवाल दिला. लोकसंख्येपैकी निदान ४९ टक्के लोकांची शाळेनंतर आणखी दोन वर्षे शिकण्याची कुवत आहे, असे आयोगाने मांडले. ही दोन वर्षे विनाशुल्क असावीत, असेही सांगितले. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले तेही याच अहवालामुळे. नावातला बदल लहान दिसतो, पण अर्थ मोठा आहे. ‘ज्युनियर’ म्हटले की कोणीतरी थोरला आलाच. ‘कम्युनिटी’ म्हटले की कॉलेज कोणाचे, तर त्या गावच्या लोकांचे.

लोकांचे कॉलेज म्हटल्यावर तेथे शिकवायचे काय? येथे खरी गंमत आहे. अशा कॉलेजाची माहितीपुस्तिका उघडा. एका पानावर संगणकशास्त्र, पुढच्या पानावर नृत्य, त्यापुढे बालशिक्षण! आपल्याला वाटेल, ही काय खिचडी? पण प्रत्येक विषय तेथे येण्यामागे इतिहास आहे.

संगणकाचे बघा. १९५७ साली रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेला धसका बसला. लगोलग १९५८ साली शिक्षणासाठी मोठा कायदा होऊन तंत्रज्ञ तयार करण्याकरिता पैसा मिळू लागला. संगणक तेव्हा खोलीभर आकाराचे असत आणि त्यांना माहिती पुरवायची ती भोके पाडलेल्या जाड कार्डांतून. हे काम जाणणारी माणसे बँकांना, कारखान्यांना हवी होती, आणि ती तयार करायला दोन वर्षांचा अभ्यासक्रम सोयीचा होता.

नृत्याची वाट निराळी. मार्गारेट डोब्लर या मुळात जीवशास्त्र शिकलेल्या आणि मुलींना व्यायाम शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या खटपटीने विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ साली नृत्य या विषयात पदवी घेण्याची सोय झाली. त्या देशातली ही पहिलीच. त्यांचे म्हणणे असे की, नाच हा केवळ रंगमंचावरच्या कलावंतांसाठी नाही. आपले शरीर ओळखण्याची ती विद्या आहे. नाच अशा रीतीने व्यायामशाळेच्या दाराने कॉलेजात शिरला.

आणि बालशिक्षण? १९६५ च्या उन्हाळ्यात गरिबांच्या लहान मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही सरकारी योजना निघाली. पहिल्याच उन्हाळ्यात ५ लाखांहून अधिक मुले आली. आता एवढ्या मुलांना शिक्षिका कोठून आणायच्या? वस्तीतल्या बायाच मदतीला आल्या, पुष्कळदा त्याच मुलांच्या आया. त्यांना शिकायला जवळचे ठिकाण म्हणजे हेच कॉलेज. पुढे १९९८ च्या कायद्याने ठरवले की, २००३ पर्यंत या योजनेतल्या निदान निम्म्या शिक्षिकांकडे दोन वर्षांची पदवी असावी. दिवसा मुले सांभाळायची, संध्याकाळी वर्गात बसायचे, असे करून कितीतरी बायांनी ती पदवी मिळवली.

वाचकहो, येथवरची कथा गोड आहे. पण दुसरी बाजू झाकली तर तो इतिहास होणार नाही.

१९६० साली कॅलिफोर्नियाने एक आराखडा केला. वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी मोठ्या विद्यापीठात, वरचे तेहतीस टक्के दुसऱ्या राज्य कॉलेजांत, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले. त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने बोट ठेवले की, दार उघडे असते खरे, पण आत आलेल्या मुलाची पुढे जाण्याची उमेद तेथे हळूहळू थंड केली जाते. हा आरोप आजही पुरता खोडून निघालेला नाही. पुढे चार वर्षांची पदवी घेऊच, असे मनाशी धरून येणारे पुष्कळ; सहा वर्षांत ती हाती पडते सहा जणांत साधारण एकाला.

पैशाचेही तसेच. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरपट्टी-जमीनपट्टीला लगाम घातला आणि या कॉलेजांचा मोठा आधार खचला. १९८२ साली ३ कोटी डॉलरची कपात आली. ती कशावर? मनोरंजनाचे, छंदाचे म्हणून जे वर्ग गणले गेले त्यांवर. पोटाला लागते ते शिक्षण आणि मनाला लागते ती चैन, असा हिशेब झाला. १९८४ साली तर तेथे प्रथमच राज्यभर शुल्क आले. आणि बालशिक्षिका? शिकूनसवरूनही त्यांचा पगार तुटपुंजाच राहिला.

आता आपल्याकडे पाहू. लहान मुलांची शाळा त्यांच्या दारात न्यावी, हा विचार आपल्याला परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या सोबतीने आदिवासी मुलांत काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला, आणि १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने तो देशभर नेला. मुलांसाठी आपण अंगणापर्यंत गेलो. मात्र त्या अंगणवाडीत शिकवणाऱ्या बाईला स्वतः पुढे शिकायचे असेल, तर तिच्या अंगणात काय आहे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी अभ्यासक्रम सुचवले आहेत. बारावी झालेलीला ६ महिन्यांचा, त्याहून कमी शिकलेलीला १ वर्षाचा. कागदावर हे चांगलेच आहे. पण तो वर्ग कोठे भरणार, कोणत्या वेळी भरणार, आणि शिकल्यावर तिच्या पगारात काही फरक पडणार का, हे प्रश्न अमेरिकेच्या अनुभवावरून आपण आधीच विचारले पाहिजेत.

गुरुजनहो, तुमच्या हायस्कूलची इमारत संध्याकाळी पाचनंतर रिकामी असते. जोलिएटला आरंभ झाला तो अशाच एका इमारतीत, ६ विद्यार्थ्यांवर. तुमच्या गावात दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुली किती आहेत, एवढी यादी तरी या महिन्यात करून पाहा. सहाहून कमी भरणार नाहीत.