वरची दाढ आणि डोळा

वाचकहो, जालन्याचा मस्तगड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. निजामुल्मुल्क आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली ही गढी बांधली. आत एक मोठी विहीर, आणि विहिरीला लागून दालने. जुन्या बांधकामाचे एक असते पहा, एका दालनात ओल शिरली की ती शेजारच्या भिंतीत उतरल्यावाचून राहत नाही. माणसाचा चेहराही असाच बांधलेला आहे, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही माझ्या थोरल्या मावशीमुळे.

मावशी मस्तगडाच्या बाजूलाच राहते. दोन वर्षे तिला पिनस होता. पण एकाच, डाव्या नाकपुडीचा. नाकातून घाण वासाचा पू येई. ओव्याचा वाफारा झाला, नाकात थेंब झाले, गोळ्या झाल्या. गोळ्या असेपर्यंत बरे वाटे, संपल्या की पुन्हा तेच. त्याच बाजूची वरची दाढ केव्हाच किडून काळी पडली होती, पण दुखत नव्हती. काढू या म्हटले की मावशीचे उत्तर ठरलेले, “वरची दाढ काढली की डोळा जातो रे बाबा.”

हे वाक्य आपण साऱ्यांनीच ऐकलेले आहे. शाळेत विद्यार्थ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. मी इतिहासाचा माणूस. समजूत खोटी म्हणून सोडून देण्याआधी ती आली कोठून, हे पाहण्याची खोड. शोधता शोधता थेट सुश्रुतापर्यंत पोहोचलो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात स्पष्ट सांगितले आहे, की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये. फार रक्त जाते, माणूस डोळ्याला मुकतो, तोंड वाकडे होते. त्या काळी हा सल्ला शहाणपणाचाच होता. बधिर करण्याचे इंजेक्शन नाही, रक्त थांबवण्याची आजची साधने नाहीत, पू पसरला तर त्यावर औषध नाही. त्याच सुश्रुताने मुखाचे ६५ रोग सांगितले आणि नाकाचे ३१. पण वेगवेगळ्या स्थानांत. दात एकीकडे, नाक दुसरीकडे. ही वाटणी पुढे सगळीकडेच टिकली.

दोन्हींमधली भिंत किती पातळ आहे, ते एका बाईने दाखवून दिले. इंग्लंडात नथानिएल हायमोर नावाचा वैद्य होता. त्याचा शरीररचनेवरचा ग्रंथ १६५१ सालचा, म्हणजे इकडे जावळी अजून मोऱ्यांच्याच हाती होती. त्याच्याकडे एक बाई आली. तिचा वरचा सुळा काढला होता आणि त्या भोकातून सारखे पाणी येई. तिने त्यात चांदीची सळई घालून पाहिली, मग पिसाची काडी घातली. काडी आत जातच राहिली. बाई घाबरली, मेंदूपर्यंत गेली की काय! हायमोरने समजावले, की गालाच्या हाडात एक पोकळी असते आणि काडी त्या पोकळीत वळून बसली आहे. १४८९ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीनेही ही पोकळी चितारली होती, पण ती चित्रे शतकानुशतके लोकांसमोर आली नाहीत. नाव राहिले हायमोरचे.

या पोकळीलाच आपण आज सायनस म्हणतो. तिचे तोंड नाकात उघडते आणि तिच्या तळाशी वरच्या दाढांची मुळे असतात; काहींच्या बाबतीत मधे कागदासारखा हाडाचा पापुद्रा, तर काहींच्या बाबतीत तोही नाही. दाढेची नस मेली की दुखणे थांबते, पण पू थांबत नाही. तो वर झिरपतो आणि नाकावाटे बाहेर येतो. इंग्लंडातल्याच विल्यम काउपर नावाच्या शस्त्रवैद्याने ही गोष्ट ओळखून वरची दाढ काढली आणि तिच्याच खड्ड्यातून पोकळीतला पू वाहू दिला. त्याची ही रीत १७०७ साली ग्रंथात छापली गेली. सुश्रुताने जे करू नका म्हटले, तेच इथे औषध झाले!

याची उलट बाजूही आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. साध्या सर्दीत पोकळी सुजली की वरच्या सगळ्या दाढा एकदम ठणकतात, खाली वाकले की जास्तच. अशा वेळी चांगली दाढ काढून घेणारेही मी पाहिले आहेत. ठणका एकाच दाढेचा की सगळ्यांचा, हे आधी पाहावे. पू एकाच नाकपुडीतून येत असेल, तर मात्र दाताच्या डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. गालाच्या पोकळीच्या दुखण्यांपैकी दातांमुळे होणारी १० ते १२ टक्के, असे पूर्वी धरीत. सीटी स्कॅन आल्यापासून हा आकडा काही ठिकाणी ४० पर्यंत गेला आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात करोनामागोमाग काळी बुरशी आली. मधुमेही माणसांचे वरचे दात हलू लागले, कित्येकांचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळाही गेला. गावात लोक म्हणाले, “पाहा, दात काढले आणि डोळा गेला.” खरा क्रम निराळा होता. बुरशी नाकातून त्या पोकळीत शिरली, तिथून खाली जबड्यात आणि वर डोळ्याकडे गेली. दात काढल्याने काही झाले नव्हते. पण जुनी समजूत मात्र पक्की होऊन बसली.

मावशीला एवढा सगळा इतिहास मी सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि “बरं” म्हणून आत गेली. शेवटी दाढेचा एक्स-रे तिला दाखवला, तेव्हा ती उठली. दाढ निघाली, पोकळी धुतली गेली, महिन्याभरात वास गेला. परवा भेटायला गेलो तर ओसरीवर बसून गोधडी शिवत होती. सुईत दोरा ओवून देऊ का, म्हणून विचारले, तर माझ्याकडे न पाहताच तिने तो ओवला.