पहिली पेशंट बाई होती

बायपास म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? पन्नाशीतले, पोट सुटलेले, सतत टेन्शनमध्ये असणारे कुणीतरी काका. पण ९ मे १९६७ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरोने पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीसाठी वापरली, तेव्हा टेबलावर ५१ वर्षांची बाई होती. (हा फावालोरो मूळचा अर्जेंटिनाचा, त्याआधी बारा वर्षं तिथल्या खेड्यात डॉक्टरकी करत होता. त्याच्यावर वेगळा लेख व्हायला हवा. असो.)

ऑपरेशन झपाट्याने पसरलं आणि मग प्रश्न आला, याने खरंच माणूस जास्त जगतो का? सत्तरच्या दशकात तीन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत ६८६ पेशंट, सगळे पुरुष. युरोपात ७६८, पुन्हा सगळे पुरुष. तिसरी अमेरिकेतली 'कॅस', तिच्यात ७८० पैकी बायका साधारण १० टक्के. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच ब्राउझरवर टेस्ट करून 'सगळीकडे चालतं' म्हणत रिलीज!

इकडे ऑपरेशननंतर बायका जास्त दगावताना दिसत होत्या. सर्जन सांगत, त्यांच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, टाके घालणं अवघड. शिवाय त्या येतात उशिरा, वय जास्त, अनेकींना डायबेटिस. हे खरंच आहे. पण १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं की पायातल्या शिरेपेक्षा छातीच्या आतली धमनी जोडली तर पेशंट जास्त जगतात, आणि ही धमनी बायकांना कमी वेळा मिळत राहिली. हा दोष काही शरीररचनेचा नव्हे.

मग आला पंपाचा वाद. हृदय थांबवून हार्ट-लंग मशीनवर ऑपरेशन करायचं, की धडधडत्या हृदयावरच? दुसरा प्रकार लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्हने १९६४ मध्येच केला होता. नव्वदच्या दशकात हृदयाचा तेवढाच भाग स्थिर धरणारी साधनं आली आणि तो पुन्हा जोरात सुरू झाला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून दिसलं की बिनपंपाचा फायदा बायकांना जास्त होतो. आता गंमत बघा. त्या नुसत्या नोंदी होत्या, कुणाला काय करायचं हे सर्जनने ठरवलेलं. चिठ्ठ्या टाकून केलेली 'रूबी' चाचणी २००९ मध्ये आली. तिच्यात २२०३ पेशंट, बिनपंपवाल्यांची जोडणी वर्षभरात जास्त प्रमाणात बंद पडली. पण ते पुन्हा माजी सैनिक, ९९ टक्के पुरुष! २०१२ च्या 'कोरोनरी' चाचणीत ४७५२ पेशंट होते, बायका जेमतेम पाचातली एक. महिन्याभरात दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या २०११ ते २०२० या काळातल्या सुमारे १३ लाख ऑपरेशन्सचा हिशेब छापून आला. मृत्यूचं प्रमाण पुरुषांत १.७ टक्के, बायकांत २.८. दहा वर्षांत ही दरी बुजली नाही.

अलीकडे फक्त बायकांसाठी एक मोठी चाचणी आखली गेली, 'रोमा विमेन', सुमारे २००० जणींची. तिच्यातला प्रश्न एवढाच, की धमनी एकच वापरायची की जास्त. पंपाचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.