वडगावचा तह (१७७९)

वडगावचा तह : पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १६ जानेवारी १७७९ रोजी पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळ येथे झालेला तह.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (१७७३) बारभाईंनी (पुण्याच्या कारभारी मंडळाने) अधिकारभ्रष्ट केलेल्या त्यांच्या चुलत्याचा, रघुनाथरावाचा, दावा मुंबईकर इंग्रजांनी सुरतेच्या तहाने (६ मार्च १७७५) उचलून धरला, त्यामागे साष्टी व वसई पदरात पाडून घेण्याचा हेतू होता. आणि कलकत्तेकरांनी तो तह रद्द ठरवून पुरंदरचा तह (१७७६) केला असताही, फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवणाऱ्या सेंट लुबिनचा नाना फडणिसांनी १७७७ मध्ये पुण्यास सत्कार केला, तेव्हा फ्रेंचांच्या धास्तीने ती मसलत पुन्हा उभी राहिली. पेशव्यांच्या घरातील भाऊबंदकी अशा रीतीने दोन युरोपीय सत्तांच्या परोक्ष युद्धाचे निमित्त झाली.

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावास पुढे करून निघालेली सुमारे ३,९०० लोकांची इंग्रज फौज १९,००० बैलांचा लवाजमा घेऊन बोरघाट चढली. परंतु रघुनाथरावाच्या नावावर सरदार येऊन मिळतील, ही अटकळ फोल ठरली. मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून गौरविलेला कॅप्टन स्ट्युअर्ट कार्ल्यास तोफेच्या गोळ्याने पडला. ९ जानेवारीस तळेगाव गाठावे तो मराठ्यांनी गावच जाळून टाकलेले. तेव्हा ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून व सामानास आग लावून माघारी फिरलेली ही फौज महादजी शिंदे यांच्या सैन्याने वडगावी कोंडली.

१७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करावा, बंगालहून येणारी कुमक माघारी फिरवावी आणि दोन इंग्रज अधिकारी ओलीस द्यावेत, अशी तहाची कलमे होती. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाला. तह करण्याचा अखत्यार आपणांस नाही, असे इंग्रजांच्या वतीने आधीच कळविण्यात आले होते. फौज सुखरूप सुटल्यावर मुंबई सरकार व वॉरन हेस्टिंग्ज या दोघांनीही तो तह नाकारला. अखेर सालबाईच्या तहाने (१७ मे १७८२) साष्टी इंग्रजांकडे राहिली, फ्रेंचांना पेशव्यांच्या मुलुखात ठाणे देण्यास मनाई झाली, आणि ज्याच्या हक्काखातर शस्त्र उपसल्याचे सांगितले गेले त्या रघुनाथरावास दरमहा २५,००० रुपयांच्या नेमणुकीवर राजकारणातून निवृत्त करण्यात आले.

आधुनिक परोक्ष युद्धांच्या अखेरीसही हाच क्रम आढळतो. अफगाणिस्तानातून सोव्हिएत सैन्य परत नेणाऱ्या १९८८ च्या जिनिव्हा करारात, त्या सैन्याशी प्रत्यक्ष लढलेले मुजाहिदीन पक्षकार नव्हते. अमेरिका व तालिबान यांच्यातील २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात, अमेरिकेच्याच पाठिंब्यावर उभे असलेले काबूलचे सरकार नव्हते, आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, ते कोसळले. परसत्तेच्या फौजेसह राज्यावर हक्क सांगणाऱ्याचे मोल त्या परसत्तेची गरज संपेपर्यंतच टिकते. म्हणून अशा युद्धाच्या तहनाम्यात, ज्याच्या नावाने ते लढले गेले त्याची सही आहे किंवा नाही, हे अभ्यासकाने प्रथम पाहावे.