२३. ‘टेपनं रीळ खाल्लं’

टेप म्हणजे इथे टेपरेकॉर्डर. फिरता बारीक दांडा आणि रबरी रोलर यांच्या चिमटीतून रीळ सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. पुढे ते गुंडाळणारी चकती अडली, किंवा रोलर चिकट झाला, की रीळ रोलरलाच लपेटते. ९० मिनिटांच्या कॅसेटचे रीळ ६० मिनिटांच्यापेक्षा पातळ, म्हणून ते लवकर गुंतते. अशा वेळी हिसका द्यायचा नाही. रोलर बोटाने उलटा फिरवत वेढे सोडवायचे, मग सहा कोनी पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात घालून रीळ आवळून घ्यायचे. वरचे शब्द लिहिणाऱ्या लेखिका पुढे ‘स्पिरिटचा बोळा’ म्हणतात, तो हेडवर साचणाऱ्या तपकिरी भुकटीसाठी. हेड मळले की आवाज दबका येतो. रबराला मात्र स्पिरिट बेतानेच लावावे.

जपायच्या कॅसेटच्या पाठीवरची दोन्ही प्लास्टिकची पाती मोडून टाकत, म्हणजे रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नसे. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटची पाती मोडायची राहून गेली होती. तिच्या पहिल्या बाजूवर आता क्रिकेटचे समालोचन आहे. शेवटी समालोचनातून उरलेल्या दीडेक मिनिटात आजी ऐकू येते.