किनवट आणि संततिनियमनाची साधने

पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. त्यामुळे मुंबई-पुण्यात संततिनियमनावर जो दीर्घ वाद झाला, तो येथील गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्यांपासून दूरच राहिला, आणि त्या वादाचे सरकारी कार्यक्रमात रूपांतर झाल्यावरच हा विषय त्यांच्या दारी आला.

त्या वादाचे स्वरूप मात्र लक्षात घेतले पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. मूल केव्हा व्हावे हे स्त्रीने ठरवावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्या काळातील रबरी टोपीसारखी साधने, म्हणजे गर्भाशयाचे तोंड झाकून शुक्रजंतूंना अडवणारी साधने, स्त्रीला स्वतः वापरता येत आणि स्वतःच थांबवताही येत. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण मातांच्या आरोग्याचा विचार त्यामुळे विधिमंडळाच्या पटलावर आला.

१९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला, तेव्हा लोकसंख्येचा आकडा हाच मुख्य निकष ठरला आणि साधनांची निवड त्या निकषाने होऊ लागली. १९६५ पासून गर्भाशयात बसवायचे प्लास्टिकचे वेटोळे, म्हणजे लूप, मोठ्या प्रमाणावर वापरात आले. परंतु रक्तस्राव वाढल्यास तपासणीची सोय जवळ नसल्याने अनेकींनी ते काढून टाकले. गोळ्यांना सतत पुरवठा लागतो आणि तांबीला, म्हणजे कॉपर-टीला, अधूनमधून तपासणी लागते, तर शस्त्रक्रिया एका भेटीत उरकते. पाडे आणि तांडे दूरवर विखुरलेल्या किनवटसारख्या तालुक्यात हा फरक निर्णायक ठरावा हे स्वाभाविक होते. त्यात सोय पाहिली गेली ती प्रामुख्याने यंत्रणेची, आणि ही या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब आहे.

आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले, मात्र त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. सक्तीविरुद्धच्या रोषामुळे १९७७ नंतर पुरुष नसबंदी झपाट्याने घटली आणि कार्यक्रमाचा सारा भार स्त्रियांच्या शरीरावर आला. पोटावरील छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून बीजवाहिन्या बंद करण्याची ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर शिबिरात एका दिवसात अनेक शस्त्रक्रिया उरकता येऊ लागल्या. वरून ठरवून दिलेली उद्दिष्टे १९९६ मध्ये रद्द झाली, आणि शिबिरे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला.

गर्भनिरोधक इंजेक्शनाचा प्रश्न याहून वेगळा होता. किनवटच्या जुन्या राजधानीतील, हैदराबादच्या, स्त्री शक्ती संघटनेने इतर संघटनांसह १९८६ मध्ये ‘नेट-एन’ या इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, कारण स्त्रियांना पूर्ण माहिती न देता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळी २०१७ मध्ये सरकारी कार्यक्रमात आली. आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो, त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आधीच असतो, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे तो वाढतो. म्हणून किनवटमध्ये साधन सुचवण्यापूर्वी रक्ततपासणीला विशेष महत्त्व आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी हाच मार्ग पत्करलेला होता. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची असूनही तिचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होते.