रक्त कोण पुसते? एका विनोदी मालिकेमागचा दीडशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१/ खुनाच्या कथेत तीन माणसे ठरलेली असतात : मारणारा, मरणारा आणि शोधणारा. गुन्हेगार सापडला की कथा संपते. भिंतीवरचे रक्त मात्र तिथेच असते. ते पुसणाऱ्या माणसाला बीबीसीने २०२१ मध्ये नायक केले. मालिकेचे नाव ‘द क्लीनर’. या माणसाचा इतिहास मालिकेहून बराच जुना आहे.

२/ ३१ ऑगस्ट १८८८. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील बक्स रो या गल्लीत पहाटे मेरी ॲन निकोल्स हिचा मृतदेह आढळला. देह हलवताच रस्त्यावरचे रक्त पाणी ओतून धुतले गेले. शवागारात वर्कहाऊसमधील दोन निराधार माणसांनी देहही धुऊन टाकला. त्यावरून पुढे मृत्यूच्या चौकशीत वाद झाला.

३/ महिन्याभराने, ३० सप्टेंबरला, गोल्स्टन स्ट्रीटवर एका खुनानंतर भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर सापडला. ज्यूंविरुद्ध दंगल उसळेल या भीतीने पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी छायाचित्र घेण्याआधीच तो पुसायला लावला. म्हणजे साफसफाई करणारे खुद्द पोलीसच!

४/ आज हा निष्काळजीपणा वाटतो. पण तेव्हाच्या शास्त्राची मर्यादा लक्षात घ्यायला हवी. वाळलेला डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी १८८८ मध्ये नव्हती. जे काही सांगू शकत नाही, ते जपून ठेवायचे कशाला? रक्त हा तेव्हा पुरावा कमी आणि मळ अधिक होता.

५/ १९०१ साली चित्र पालटले. जर्मनीत पॉल उलेनहुट यांनी मानवी रक्त ओळखण्याची चाचणी मांडली. त्याच वर्षी व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. १९१० मध्ये एडमंड लोकार यांनी फ्रान्समधील ल्यों येथे पोलीस प्रयोगशाळा उभी केली. डाग बोलू लागला, आणि त्याला हात लावणे गुन्ह्याइतकेच गंभीर ठरू लागले.

६/ सवयी मात्र शास्त्राच्या वेगाने बदलत नाहीत. १९२४ मध्ये ईस्टबोर्नजवळ एमिली के हिचा खून झाला. घटनास्थळी गेलेले शवचिकित्सक बर्नार्ड स्पिल्सबरी यांना दिसले की पोलीस अधिकारी मानवी अवशेष उघड्या हातांनी उचलत आहेत. त्यातूनच रबरी हातमोजे, चिमटे, नमुन्यांच्या पिशव्या असे साहित्य असलेली ‘मर्डर बॅग’ जन्माला आली.

७/ या बदलाचा एक परिणाम फारसा कोणी नोंदवत नाही. पूर्वी काही मिनिटांत धुतले जाणारे रक्त आता तपास पूर्ण होईपर्यंत जसेच्या तसे राहू लागले. तपास संपला की पोलीस दाराची किल्ली घरच्यांच्या हाती देतात. पुरावा गोळा झाल्यावर जे उरते ते कायद्याच्या कामाचे नसते. ते घराचे असते.

८/ मग पुसायचे कोणी? पिढ्यान् पिढ्या उत्तर एकच होते : घरातली बाई, मोलकरीण, एखादा शेजारी. ज्याचे माणूस गेले, त्यानेच अनेकदा बादली उचलली. न्यायालयाच्या दप्तरात मारेकऱ्याचे शब्द सापडतात, डॉक्टरांचे अहवाल सापडतात. फडके पिळणाऱ्या हातांचा उल्लेख क्वचितच येतो.

९/ तिसरे वळण १९८० च्या दशकात आले. एचआयव्हीच्या भीतीने रक्ताकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ब्रिटनमध्ये १९८८ साली कामाच्या ठिकाणच्या आरोग्यघातक पदार्थांसंबंधी नियमावली झाली. आधी मळ, मग पुरावा, आता धोका! पांढरा संरक्षक पोशाख घातलेला व्यावसायिक सफाईगार या तिसऱ्या टप्प्याचे अपत्य.

१०/ पडद्यावर त्याला प्रतिष्ठा दिली ती जर्मनांनी. ‘टाटऑर्ट’ म्हणजे घटनास्थळ. याच नावाची गुन्हेमालिका तिथे १९७० पासून चालू आहे. तिच्यात तपास करणारे नायक. डिसेंबर २०११ मध्ये ‘टाटऑर्टरायनिगर’ आली, म्हणजे घटनास्थळ साफ करणारा. नाताळच्या तोंडावर, फारसा गाजावाजा न करता. २०१२ मध्ये तिने मानाचे ग्रिमे पारितोषिक पटकावले.

११/ लेखिका इंग्रिड लाउझुंड या मूळच्या नाटककार. मालिकेसाठी त्यांनी ‘मित्सी मायर’ हे टोपणनाव घेतले. त्यामुळे प्रत्येक भाग एखाद्या एकांकिकेसारखा : एक घर, एक सफाईगार, मृताशी नाते असलेले कोणीतरी, आणि संवाद. २०१८ पर्यंत असे ३१ भाग झाले.

१२/ इथे एक सुंदर वर्तुळ पूर्ण होते. दिग्दर्शक आर्ने फेल्डहुझेन आणि नायक ब्यार्ने मेडेल हे दोघेही पूर्वी ‘श्ट्रोमबेर्ग’मध्ये एकत्र होते. ती मालिका बीबीसीच्या ‘द ऑफिस’च्या धर्तीवर बेतलेली. ब्रिटिश विनोद जर्मनीत गेला, तिथे मुरला आणि दहा वर्षांनी नव्या रूपात माहेरी परतला.

१३/ ब्रिटिश रूप ग्रेग डेव्हिस यांनी लिहिले आणि मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. त्यांचा पॉल ‘विकी’ विकस्टेड बडबड्या, साधा, काम उरकून पबमध्ये जायला उत्सुक. १० सप्टेंबर २०२१ च्या पहिल्याच भागात त्याची गाठ पडते ती नवऱ्याचा खून करून फरार झालेल्या बाईशी. भूमिकेत हेलेना बोनम कार्टर.

१४/ खून कोणी केला, हा प्रश्न इथे गौण आहे. तो विचारणारे घर सोडून गेलेले असतात. उरतो तो दुसरा प्रश्न : आता या खोलीत राहायचे कसे? पोलिसांनी विचारले नाही ते घरातली माणसे सफाईगाराला सांगतात, कारण त्याच्याकडे वही नसते, बादली असते.

१५/ गुन्ह्याच्या इतिहासात मारेकऱ्यांची नावे अजरामर झाली. व्हाइटचॅपलच्या खुन्याची तर खरी ओळख ठाऊक नसतानाही त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले. बक्स रोवर पहाटे बादलीभर पाणी ओतणाऱ्याची आठवण कोणी ठेवली? एका विनोदी मालिकेने एवढे केले की कॅमेरा त्या बादलीकडे वळवला. इतिहासाच्या अभ्यासकांनीही तिकडे पाहायला हरकत नाही.