शारदा सदनातलं उघडं दार

डिसेंबर आला की टाइमलाइनवर दोन पोस्टी ठरलेल्या असतात. एकीत मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांची यादी, दुसरीत तांदळाच्या पोत्यावरचे विनोद. खाली कमेंटमध्ये भांडण एकच: ही सेवा खरी की धर्मांतराचं आमिष? बाटवलं की नाही बाटवलं, एवढाच सवाल. सेक्युलर समाजात श्रद्धाळू माणसानं कसं वागायचं, हा त्यापलीकडचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो प्रश्न महाराष्ट्रात एकदा अगदी हमरीतुमरीवर येऊन लढला गेलाय. पुण्यात, १८९३ साली. मधे होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाई १८५८ च्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून आयुष्यभर भटकंती नशिबी आली. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं तेव्हा त्या विशीत होत्या. पुढे भाऊ गेला, आंतरजातीय लग्न झालं, दीडेक वर्षात नवराही गेला. पदरी तान्ही मनोरमा. १८८२ मध्ये पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेल्या आणि तिथे बाप्तिस्मा घेतला. पुण्याला हा धक्का होता. कालपर्यंत जिचं कौतुक केलं ती आपल्यातून गेली, असंच लोकांना वाटलं.

या बाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. त्यात वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती होते, त्यामुळे अट सुरुवातीपासून स्पष्ट होती: इथे कुठल्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. मुलींनी आपले आचार पाळावेत, सोवळं-ओवळं सांभाळावं, कुणी अडवणार नाही. सल्लागार मंडळावर रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं. विश्वास बसावा अशीच मांडणी होती.

वाद पेटला तो एका दारावरून. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत लेकीला घेऊन प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी बोलावलं नाही, हाकललंही नाही. ‘केसरी’नं झोड उठवली. अखेर १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

रानडे-भांडारकरांना सनातनी ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. दोघेही प्रार्थना समाजाचे. भांडारकरांनी तर स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला होता. त्यांची शंका पोकळ नव्हती. जिला घरात कुणी विचारत नाही, जिचे केस उतरवलेत, तिला पहिल्यांदा कुणी मायेनं जवळ केलं, तर त्या बाईचा देव तिला आपला वाटणारच. त्यासाठी धर्माचा तास घ्यावा लागत नाही. आणि पुढे सदनातल्या काही मुली खरोखर ख्रिस्ती झाल्या. हे लपवून रमाबाईंचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

तरीही मी रमाबाईंच्या बाजूनं आहे. कारण त्यांची भूमिका सरळ होती: तुमच्या मुलींच्या धर्माला मी हात लावणार नाही, पण माझा धर्मही लपवणार नाही. दार बंद केलं असतं तर टीका थांबली असती, कदाचित. पण मग तेच लोक म्हणाले असते की आत काहीतरी चोरून चालतं! आणि एक गोष्ट कुणीच नीट विचारली नाही. सल्लागारांना राजीनामा देता आला, पालकांना मुली नेता आल्या. त्या मुलींना काय हवं होतं?

दुसरी बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते. इंग्लंडमधल्या ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या, त्याही नाराजच होत्या. बाई फार प्रश्न विचारते, त्रैक्याचा सिद्धांत निमूट मानत नाही, चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवत नाही, ही त्यांची तक्रार. दोघींमधला पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं, की एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं फेकलंय, ते दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हा मानेवर का घेऊ? म्हणजे पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि जेराल्डिनबाईंना पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. गंमत म्हणजे जेराल्डिननी जपून ठेवलेली ही पत्रं १९७७ साली संपादित केली ती अ. भि. शहांनी, इंडियन सेक्युलर सोसायटीच्या संस्थापकांनी. आणि प्रकाशक कोण, तर महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ. धर्मच नको म्हणणाऱ्या वर्तुळातल्या माणसाला या ख्रिस्ती बाईत आपलं माणूस दिसलं.

माझ्या मते समाजाला ख्रिस्ती धर्माचा उपयोग इथे आहे. शाळा-दवाखाने सरकारही काढतं. पण ज्या विधवेकडे सुधारकसुद्धा ‘प्रश्न’ म्हणून बघत होते, तिच्या ताटाची आणि अंथरुणाची सोय करायचं बळ या बाईला तिच्या श्रद्धेनं दिलं. ते बळ मान्य करायला आपण ख्रिस्ती व्हायची गरज नाही. फुले तरी कुठे झाले? स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून प्रभावित झाले, आणि शेवटी सार्वजनिक सत्यधर्म स्वतःचा लिहिला.

पुण्यानं मात्र १८९३ ला बरंच गमावलं. असोसिएशनचा दहा वर्षांचा करार १८९८ ला संपला. तोवर मोठा दुष्काळ पडला होता आणि रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणून केडगावला ठेवल्या होत्या. तिथलं मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती होतं. धर्म बाजूला ठेवून हिंदूंसोबत काम करायचा प्रयोग त्यांनी परत केला नाही, आणि कोणत्या तोंडानं आपण करा म्हणणार होतो?

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई, नरहरपंत जोशांची बहीण. ११ मार्च १८९३ ला, वाद ऐन भरात असताना, धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. मुरूडनं कर्व्यांवर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तोच पुढे हिंगण्याला गेला. त्या आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा करणाऱ्यांत गोदूबाई होत्या, म्हणजे आपल्या बाया कर्वे. त्यांचं ‘माझे पुराण’ मिळालं तर जरूर वाचा.